घरचा साक्षीदार

२ डिसेंबर

आज चौकशी समितीची पहिली बैठक झाली आणि कंपनीचे लोक तयार होऊन आले होते. सिमेंटच्या चाचण्यांबद्दल मी काय विचारणार, कुठल्या क्रमाने विचारणार, हे ठाऊक असल्यासारखी त्यांची फाइल लावलेली. मी प्रश्न विचारायचा आणि त्यांच्या माणसाचं बोट बरोबर त्या पानावर. वीस वर्षं दिल्लीच्या तीस हजारी कोर्टात उलटतपासण्या घेतल्यात मी. साक्षीदार हुशार असणं वेगळं, पढवलेला असणं वेगळं.

प्रश्न मी रविवारी घरी बसून काढले होते. बाकीच्या सदस्यांना ते आज बैठकीतच मिळाले. त्यांत विरोधी पक्षाचे अंशुमनजी आहेत. सगळा वेळ फोनमध्ये डोकं घालून बसतात. त्यांच्यावर लक्ष ठेवायला हवं. पण त्यांना तरी आधी कसं कळणार?

प्रकरण लिहून ठेवते. उमंग वसाहत माझ्याच मतदारसंघात आहे. झोपड्या पाडून सरकारने त्या लोकांना तिथे फ्लॅट दिले. याच कंपनीने बांधलेल्या इमारती अजून नव्याच म्हणायच्या. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी एका घराचं छत खाली आलं. खाली पलंगावर कौसल्या नावाच्या बाईची मुलगी झोपली होती. मुलगी वाचली, डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मी विधानसभेत हा विषय लावून धरला, तेव्हा सदनाने समिती नेमली आणि मलाच अध्यक्ष केलं. आमदारकीची माझी ही पहिलीच टर्म. पक्षातले एक ज्येष्ठ म्हणाले, "संभालके, क्रांतीजी." काळजीने म्हणाले की बजावून, ते कळलं नाही.

रात्री जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणे शांताराम सरांचा फोन. सगळं सांगितलं. ते म्हणाले, मोठ्या कंपन्या मोठे वकील ठेवतात, समोरच्याचे प्रश्न ओळखणं हेच त्यांचं काम. असेलही. पहाडगंजच्या मराठी शाळेतून आलेली, इंग्रजी बोलताना अडखळणारी मुलगी सरांनी ज्युनिअर म्हणून ठेवून घेतली, तेव्हा दुसरं कुणी मला दारातही उभं करत नव्हतं. माझी पहिली केस, पहिली निवडणूक, सगळं सरांना विचारून झालं. दिवसभरातलं सरांना सांगितल्याशिवाय मला झोप येत नाही. माझा नवरा, संघपाल, हसतो यावर.

६ डिसेंबर

सकाळी अलीपूर रोडच्या स्मारकावर महापरिनिर्वाण दिनाच्या अभिवादनाला गेले. लग्न झाल्यापासून आजच्या दिवशी आम्ही दोघं बरोबरच जात आलो. सोनम लहान होती तेव्हा तिला खांद्यावर घेऊन संघपाल रांगेत उभा राहायचा. आज मी एकटीच गेले. चीफ इंजिनीअरनी बोलावलंय म्हणाला. आजच्या दिवशी? तर म्हणे हो, आजच.

संघपाल केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात एक्झिक्युटिव्ह इंजिनीअर आहे. उमंगच्या कामाशी त्याच्या खात्याचा काही संबंध नाही, ते मी अध्यक्ष होण्याआधीच तपासून घेतलं होतं.

रांगेत नागपूर-वर्ध्याकडचे पुष्कळ लोक भेटले. "साहेब कुठं आहेत?" असं जो तो विचारत होता. ड्यूटीवर आहेत म्हणाले. तो दुपारी घरी आला तेव्हा ताट वाढलं. बाहेर खाऊन आलोय म्हणाला. चेहऱ्यावरून तसं दिसत नव्हतं. पोरीशी फोनवर बोलला, तेही दोन मिनिटं. एरवी सोनमचा पुण्याहून फोन आला की माझा नंबर लागत नाही.

११ डिसेंबर

राजवीर गेला.

उमंगचं बांधकाम चालू असताना तो तिथे सुपरवायझर होता. सुकन्याने त्याला महिनाभर खपून शोधून काढलं होतं. सळ्या किती कमी घातल्या, कुणाच्या सांगण्यावरून घातल्या, सगळं समितीपुढे सांगायला तयार झाला होता. आज त्याचा फोन बंद. सुकन्या त्याच्या खोलीवर गेली तर घरमालक म्हणाला, काल एक गाडी आली, दोन माणसं वर गेली आणि संध्याकाळी राजवीर बायकोपोरांसकट सामान घेऊन निघून गेला.

त्याचं नाव मी समितीत उच्चारलंसुद्धा नव्हतं. सुकन्याला माहीत होतं, मला माहीत होतं. घरी जेवताना संघपालसमोर विषय निघाला होता. बस.

सुकन्या माझी ज्युनिअर. वडील कृष्णातराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, मूळचे कोल्हापूरकडचे. पोरगी कँटोन्मेंटमध्ये वाढली, आता मुनिरक्यात खोली घेऊन राहते. तिला बसवून सरळ विचारलं, राजवीरबद्दल कुणाशी बोललीस का. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, मीच त्याला शोधून आणलं. मीच त्याला घालवीन?" मग बॅग उचलून जिल्हा कोर्टाच्या तारखेला निघून गेली. दिवसभर माझ्याशी कामापुरतं बोलली.

सरांना सांगितलं. ते हळहळले. अलीगढकडचा ना तो, म्हणाले. सरांची स्मरणशक्ती अशी की मी एकदाच कधीतरी बोलले असेन. सुकन्यावर शंका घेऊ नकोस, पोर चांगली आहे, असंही म्हणाले. मग बोलले, "मी कुठल्याही अशिलाला सांगतो, घरापासून सुरुवात करावी. संघपाल सरकारी नोकर आहे. सरकारी नोकराला दाबणं सोपं असतं." आणि लगेच, "जाऊ दे. मी बोललो ते विसर."

कसं विसरणार?

१९ डिसेंबर

आज शाळेच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणी म्हणून पहाडगंजला गेले होते. येताना स्टेशनजवळ गाडी अडकली. हॉटेलांच्या पाट्यांखाली, हातगाड्या आणि टुरिस्टांच्या गर्दीत, एका चहाच्या दुकानासमोर संघपाल उभा होता. त्याच्यासमोर हरिदास.

हरिदास कंपनीचा माणूस. सरकारी कचेऱ्यांतून फिरून कामं करून आणणारा. समितीच्या बैठकीला मागच्या रांगेत बसून असतो, कधी बोलत नाही. तो हात हलवून काहीतरी समजावत होता आणि संघपाल मान खाली घालून ऐकत होता. मी काच खाली केली नाही. गाडी पुढे सरकली.

रात्री भाजी वाढताना सहज विचारलं, "आज फरीदाबादच्या साइटला होतास ना?"

"हो," तो म्हणाला. "दिवसभर."

वर आणखी वाढू का विचारलं तर नको म्हणाला. खोटं बोलणाऱ्या माणसाचा हात कुठेतरी हलतो असं मी ज्युनिअर्सना शिकवते. त्याचा हलला नाही. म्हणजे सवय झाली म्हणायची.

२५ डिसेंबर

हवा इतकी खराब आहे की सरकारने सगळी बांधकामं बंद ठेवलीत. गच्चीवर उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. अशा हवेत संघपाल रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन फोनवर बोलतो. घरात रेंज येत नाही म्हणतो. माझ्या फोनला येते.

आज मी मागून गेले. जिन्याच्या दारापाशी थांबले. तो हिंदीत बोलत होता, आवाज दाबून. एकच वाक्य नीट ऐकू आलं: "ये बात मेरे घर तक नहीं आनी चाहिए." मग बराच वेळ ऐकत राहिला. मी परत खाली आले आणि टीव्ही लावला.

त्याने काय घेतलं असेल? त्याला कधी कशाचा सोस नव्हता. बारा वर्षं तीच स्कूटर चालवतोय. मग पैसा नसेल, प्रमोशन असेल. गेल्या वर्षी त्याच्या मागचा माणूस पुढे गेला तेव्हा त्याला लागलं होतं. बोलला नव्हता, पण लागलं होतं.

सरांना पहाडगंजचं आणि हे, दोन्ही सांगितलं.  म्हणाले, समितीचं अध्यक्षपद सोडण्याचा विचार कर, बदनामी होण्याआधी. मी नाही म्हणाले. सरांना मी पहिल्यांदा नाही म्हणाले असेन.

३ जानेवारी

नुसत्या शंकेवर माणसाला दोषी धरता येत नाही. पुरावा हवा. म्हणून आज एक गोष्ट केली.

जेवताना संघपालला सांगितलं, गुरुवारी सकाळी समिती तज्ज्ञांना घेऊन उमंगच्या सी ब्लॉकमध्ये जाणार आहे, भिंतींचे नमुने काढणार आहे, अजून कुणालाच सांगितलेलं नाही. असं काही ठरलेलं नाही. सी ब्लॉकचं नाव मी उगाच घेतलं. तो एवढंच म्हणाला, "गरम कपडे घालून जा, सकाळी धुकं असतं."

सुकन्याला यातलं काही माहीत नाही. समितीतही नाही. सरांचा फोन आला तेव्हा त्यांनाही सी ब्लॉकचंच सांगितलं, कारण सर अधूनमधून संघपालशीही बोलतात आणि दोघांना दोन गोष्टी सांगितल्या तर सगळं फसायचं. सरांशी खोटं बोलताना मात्र लाज वाटली. नंतर माफी मागेन.

८ जानेवारी

गुरुवार. पहाटेच एकटी उमंगला गेले. धुक्यात आधी आवाज ऐकू आला, थापीचा. सी ब्लॉकला बाहेरून बांबूंची परांची बांधलेली, आठ-दहा मजूर भेगांवर प्लास्टर चढवताहेत. बांधकामबंदी असताना. ए ब्लॉकला कुणी नाही, बी ला नाही, जिथे छत पडलं त्या ब्लॉकलाही नाही. फक्त सी.

कौसल्या पाण्याची बादली घेऊन खाली आली होती. म्हणाली, "परसों रात से लगे हैं, मॅडम. हमारी तरफ तो कोई देखने नहीं आया." तिची मुलगी वर खिडकीत बसून होती. तिने हात केला. मीही केला.

घरी आले. संघपाल डबा भरत होता. मी त्याला बसायला सांगितलं.

"हरिदासला तुम्ही भेटता?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "हो."

"कधीपासून भेटता?"

"नोव्हेंबर."

"त्याला काय दिलंत?"

"काही नाही."

"त्याच्याकडून काय घेतलंत?"

त्याने डबा पुढे ओढला. डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "क्रांती, तू आधी अहवाल पूर्ण कर. त्यानंतर जे विचारशील ते सगळं सांगतो."

मी म्हणाले, साक्षीदाराला अटी घालता येत नाहीत.

तो आत गेला. पिशवीत कपडे भरले. दामूकडे राहतो म्हणाला, मुनिरक्याला. दामू त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, तिथे युनिव्हर्सिटीत शिकवतो. जाताना भरलेला डबा ओट्यावरच राहिला. मी थांब म्हणाले नाही. गुन्हा शाबीत झाल्यावर थांब कशाला म्हणायचं?

१४ जानेवारी

आज पानिपतला काला अंबला गेलो. दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या चार बस होत्या. सर मंडळाचे अध्यक्ष, त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही. स्मारकापाशी फुलं वाहिली, फौजेतले जवान घरच्यांसह आले होते, भाषणं झाली. मलाही बोलावं लागलं. काय बोलले आठवत नाही.

जेवणाचा मंडप मोठा होता. प्रवेशापाशी देणगीदारांची पाटी होती आणि तिच्यावर उमंग बांधणाऱ्या कंपनीचं नाव. मी थबकले. सरांचं लक्ष गेलं. म्हणाले, देणग्या आणणारी मुलं वेगळी, मी कुठे बघतो. खरंच आहे, या वयात ते कशाकशात लक्ष घालणार. थोड्या वेळाने हरिदास दिसला. मला टाळून गेला, सरांच्या मात्र पाया पडला. दिल्लीत सरांच्या पाया पडत नाही असा माणूस विरळा.

वैजयंतीकाकू, म्हणजे सरांच्या मिसेस, माझ्या शेजारी बसल्या होत्या. तिळगूळ दिला आणि विचारलं, संघपाल का नाही आला. बदलीचं काही झालं का त्याच्या, असंही म्हणाल्या. म्हटलं कसली बदली. त्या गोंधळल्या. "मला वाटलं, हे म्हणत होते बहुतेक," म्हणाल्या आणि जिलबी आणायला उठल्या. वयामुळे काकूंचा घोळ होतो हल्ली.

१७ जानेवारी

सुकन्या चार दिवस रजेवर होती. आज उगवली आणि दार लावून घेतलं. अलीगढजवळच्या खेड्यात जाऊन राजवीरला भेटून आली होती. वडिलांना सोबत नेलं होतं. सुभेदारांनी राजवीरशी काय बोलणं केलं ते तिने सांगितलं नाही. पण तो साक्ष द्यायला येणार आहे, बावीस तारखेला.

मग म्हणाली, "मॅडम, एक विनंती आहे. हे कुणालाच सांगायचं नाही."

कुणाला सांगणार, मी म्हटलं, संघपाल तर घरात नाही.

"रात्रीच्या फोनवरही नाही," ती म्हणाली.

मला राग आला. म्हटलं, तू कुणाबद्दल बोलतेस ते तुला कळतंय का. सी ब्लॉकचं मी तिला नंतर सांगितलं होतं. ती उभीच राहिली. विचारलं, "सी ब्लॉकचं तुम्ही साहेबांशिवाय आणखी कुणाला सांगितलं होतं?" मी म्हणाले, कुणालाही नाही. आणि तिला बाहेर जायला सांगितलं. आजकालच्या मुलांना एखाद्याचं मोठेपण सहन होत नाही.

रात्री डोकं फार दुखत होतं. सरांना म्हटलं, नवीन काही नाही, उद्या बोलू.

२२ जानेवारी

राजवीर आला. साक्ष दिली. कंपनीच्या वकिलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, त्याच्याजवळ एकही कागद नव्हता. सळ्या कमी, वाळू खारी, वर तक्रार करणाऱ्याला काढून टाकलं, सगळं नोंदलं गेलं. अंशुमनजींनी पहिल्यांदा फोन खाली ठेवला आणि दोन चांगले प्रश्न विचारले. हेतू कळला नाही त्यांचा.

म्हणजे बघा, संघपाल घरात नव्हता तर काही फुटलं नाही. याहून आणखी पुरावा काय हवा? मला आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन एकटीने खिचडी खाल्ली. सोनमचा फोन आला. बाबा कसे आहेत विचारलं तर म्हणाली, "तूच सांग ना, तुझ्याकडेच आहेत ना?" म्हणजे त्याने तिला काही सांगितलेलं नाही.

२५ जानेवारी

सकाळी मतदारसंघाच्या ऑफिसात लोकांची गर्दी होती. रेशनकार्डवाले, पेन्शनवाले. त्यांच्यात हरिदास आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसून राहिला. आत आला, हात जोडले. सुकन्याला मी थांबवून घेतलं.

"मॅडम," तो म्हणाला, "दो महीने साहब के पीछे घूमा हूँ. प्रमोशन की बात की, नहीं माने. ट्रान्सफर की बात की, नहीं माने. एक ही बात बोलते रहे, मेरी बीवी तक मत जाना. उसको पता चला तो कुर्सी छोड़ देगी. अब साहब का ऑर्डर निकल गया है, सिल्चर का. सोचा आपको बता दें."

मी विचारलं, हे मला आता का सांगताय.

तो हसला. म्हणाला, आप तो वकील हैं. अध्यक्षाच्या नवऱ्यावर चौकशीतल्या पार्टीने दबाव आणलाय, हे अध्यक्षाला कळल्यावर तिने काय करायचं असतं, ते तिलाच माहीत.

मी सी ब्लॉकबद्दल विचारलं. कुणी सांगितलं होतं?

"साहब ने तो नहीं," हरिदास म्हणाला. नमस्कार करून निघून गेला.

सुकन्या उठली. मला पाणी आणून दिलं. मी पाणी पीत होते आणि माझाच आवाज मला ऐकू येत होता: सिमेंटचे प्रश्न, राजवीरचं नाव, त्याचं गाव, सी ब्लॉक, गुरुवार. एकेक करून मी ते सगळं फोनवर सांगितलं होतं, पाय वर घेऊन, सोफ्यावर बसून.

संध्याकाळी फोन वाजला. सर. मी तो वाजू दिला.

२७ जानेवारी

सरांच्या घरी गेले. काकूंनी चहा ठेवला आणि आमच्याकडे न बघता आत गेल्या.

सरांनी नाकारलं नाही. मला वाटलं होतं नाकारतील. कंपनीचे ते कितीतरी वर्षांपासून सल्लागार आहेत. म्हणाले, "तू कधी विचारलं नाहीस."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तू बोलायचीस, मी ऐकायचो. त्यांनी विचारलं की उत्तर द्यायचो. तुझं नाव खराब होऊ नये एवढंच बघत होतो. म्हणून तर म्हणत होतो, अध्यक्षपद सोड."

मी म्हटलं, आणि संघपाल? त्याच्यावर दबाव येतोय हे तुम्हाला माहीत होतं. मला त्याच्याच अंगावर घातलंत.

त्यावर त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मी म्हणाले, एका मुलीचा पाय गेलाय, सर.

"तो पाय तू परत आणणार आहेस का, क्रांती?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. एखादा मुद्दा कोर्टात टिकणार नाही हे ज्युनिअरला समजावताना असायचा तसा आवाज होता.

मी उठले. सवयीने पाया पडायला वाकणार होते. वाकले नाही. आयुष्यात एवढं अवघड काही केलं असेन असं वाटत नाही.

२८ जानेवारी

मुनिरक्याला दामूच्या खोलीवर. तीन मजले, अंधारा जिना, प्रत्येक दारापुढे विद्यार्थ्यांच्या चपला. दामूने दार उघडलं आणि मला बघून बाजारात जाऊन येतो म्हणाला.

संघपाल स्वेटर घडी घालत होता. ऑर्डर आलीय, नऊ फेब्रुवारीला निघायचं. मी हरिदासचं सांगितलं, सरांचं सांगितलं. तो ऐकत होता. सरांचं नाव ऐकून हात थांबले, पण आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुला त्याच दिवशी खुर्ची सोडावी लागली असती. त्यांना तेच हवं होतं. बदली पुढे ढकलायचा प्रयत्न करत होतो, तुझा अहवाल होईपर्यंत. नाही जमलं."

मला वाटलं, असं म्हणून मी थांबले.

"तुला काय वाटलं ते माहीत आहे," तो म्हणाला. "तू शंका घेतलीस त्याचं नाही मला. मी खोटं बोललोच होतो. पण त्या दिवशी तू मला तुम्ही म्हणालीस."

मला आठवेना. "कधी?"

"सगळा वेळ. भेटता, दिलंत, घेतलंत. आयुष्यात पहिल्यांदा. आणि तुला कळलंही नाही."

मी त्याच्या स्वेटरांची घडी घालायला लागले. त्याने घालू दिली. घरी चल म्हटलं. तो म्हणाला, परत आल्यावर. कुठून परत आल्यावर, ते मी विचारलं नाही.

३ फेब्रुवारी

समितीपुढे अहवालाचा मसुदा ठेवला आणि सगळं सांगितलं. माझ्या नवऱ्यावर आणलेला दबाव, त्याची बदली, आणि समितीची माहिती माझ्याच तोंडून, माझ्या विश्वासातल्या माणसापर्यंत गेली हे. सरांचं नाव त्यांनी विचारलं तेव्हा तेही दिलं. मग अध्यक्षपद सोडते म्हणाले आणि टेबलाच्या त्या बाजूला जाऊन बसले.

 माझ्या पक्षाचे दोघं अहवालच नव्याने करावा म्हणू लागले, म्हणजे तो कधीच येऊ नये. तेव्हा अंशुमनजी म्हणाले, राजवीरची साक्ष शपथेवर आहे, ती फुटलेली नाही, भिंती सगळ्यांनी बघितल्यात. अहवाल आहे तसा जाईल. मतदान घेतलं. मी हात वर केला नाही, करू शकत नव्हते. एका मताच्या फरकाने मंजूर झाला. अध्यक्ष म्हणून अंशुमनजींची सही.

बाहेर त्यांचे आभार मानायला गेले. त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं, "आपको लगता था ना, मैं बिका हुआ हूँ?" मी नुसते हात जोडले. त्यांना यात काय मिळणार आहे, हा विचार त्याही क्षणी डोक्यात होता.

९ फेब्रुवारी

अहवाल सदनात मांडला गेला. कंपनीचं नाव त्यात स्पष्ट आहे. उमंगच्या सगळ्या इमारती तपासल्या जाणार, तोवर लोकांना दुसरीकडे ठेवणार. कौसल्या प्रेक्षकांच्या गॅलरीत आली होती, मुलीला कडेवर घेऊन. तिला फार काही कळलं नसावं, पण सगळे बाकं वाजवू लागले तेव्हा मुलीने टाळ्या वाजवल्या आणि शिपायाने तिला गप्प केलं.

पक्षाकडून निरोप आला आहे की पुढच्या वेळी तिकिटाची खात्री धरू नये. मी धरलीही नव्हती. सुकन्या म्हणाली, मॅडम, कोर्ट तर आहेच. शांताराम सरांच्या चेंबरला लागून असलेली माझी खोली सोडून तिने जिल्हा कोर्टात दुसरी बघून ठेवलीय, जिन्याखालची.

१२ फेब्रुवारी

संघपाल सोमवारी गेला. सिल्चरहून रात्री फोन आला. नीट पोचलो, क्वार्टर बरं आहे, भिंतीला ओल आहे, डास आहेत. सोनमला मीच सांगितलं म्हणाला, तुझ्यावर रागावलीय, पण येईल ताळ्यावर. बोलणं चांगलं चाललं होतं. मी त्याला नव्या चेंबरचं सांगत होते.

मध्येच तिकडे कुणाचा तरी आवाज आला. बाईचा. काहीतरी बोलली आणि भांडं ठेवल्यासारखं वाजलं.

मी थांबले नाही, वाक्य पूर्ण केलं. निदान मला तसं वाटलं. जिन्याखालच्या खोलीला खिडकी नाही पण पंखा आहे, असं काहीतरी बोलत होते.

"शेजारच्या क्वार्टरातल्या काकू आहेत," संघपाल म्हणाला. "डाळ आणून दिली."

मी काहीच विचारलं नव्हतं.  मग तो म्हणाला, "झोप आता," आणि मी म्हणाले, "तूही झोप."